वर्दी सरकारची, गाडी भाड्याची

केनिया सरकारला 2013 साली साक्षात्कार झाला. पोलिसांसाठी गाड्या विकत घ्यायच्या, मग एका क्लचप्लेटसाठी फाइल फिरवत बसायची आणि तोवर ठाण्याच्या आवारात गाडीच्या चाकांभोवती गवत वाढू द्यायचं, हा उद्योग हवाच कशाला? भाड्याने घ्या! पहिल्याच फेरीत 1,200 गाड्या ठरल्या. मालकी कंपनीची, दुरुस्ती कंपनीची, विम्याची कटकटही तिचीच. सरकारने करायचं एवढंच की पैसे वेळेवर द्यायचे. म्हणजे नेमकं तेच, जे सरकार नावाच्या प्राण्याला कुठेच जमत नाही.

या योजनेतला प्रामाणिकपणा मात्र वाखाणण्याजोगा. इंजिनातलं तेल वेळच्या वेळी बदलणं आम्हाला झेपत नाही, असं सरकार चक्क स्टॅम्पपेपरवर लिहून देतं! ज्यांना गाडी सांभाळता आली नाही, त्यांना शेकडो कलमांचा करार सांभाळता येईल, ही श्रद्धा तर वारकऱ्यालाही लाजवेल. शिवाय अर्थखातंही खूश. एकरकमी मोठा आकडा दिसला की विरोधक ओरडतात; तोच हप्त्याहप्त्याने गेला तर पुढचा मंत्री ओरडतो.

गुन्हेगारामागे धावायला चालू गाडी हवी, हे मान्य. पण भाडं थकलं तर पोलिसांच्या गाडीमागे कंपनीचा वसुलीवाला धावेल. त्याने अडवणुकीची फिर्याद कोणत्या ठाण्यात द्यायची, तेवढं कलम करारात आधीच घालून घ्या.