सेल्फकाका

वाघबीळच्या आमच्या सोसायटीत कुणाच्या गाडीने पहाटे नकार दिला की काका पार्किंगमध्ये हजर. पायात स्लिपर, लेंग्याच्या खिशात दहा नंबरचा पाना, हातात मल्टिमीटर. ठार बंद पडलेल्या गाडीत त्यांना रस नाही. 'टो करून न्या' म्हणून चहाला परत. जीव अडकतो तो कधी सुरू होणाऱ्या, कधी न होणाऱ्या गाडीत.

पहिला प्रश्न ठरलेला. "टक् वाजलं, की टकटकटक?" टकटकटक म्हणजे बॅटरी दमली. काहीच नाही वाजलं तर रिले, नाहीतर क्लचखालचा स्विच. आणि एकदाच टक्? मग काकांचे डोळे लकाकतात.

माझी गाडी टक्वाली. आठ वेळा सुरू, नवव्यांदा टक्. एका गॅरेजने नवी बॅटरी घातली. दुसरा म्हणाला, सेल्फ बदला. काका म्हणाले, "मला दाखव." पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ दाखवली. पाहुण्यांसमोर शहाणं होणाऱ्या पोरासारखी गाडी प्रत्येक वेळी पहिल्या फटक्यात सुरू! काकांचा चेहरा असा पडायचा की मलाच अपराधी वाटायचं.

जुलैत एका धो धो सकाळी टक् झालं. मुलाची शाळेची बस चुकलेली, गाडीचाच काय तो आधार. बायको हताश, काका मात्र हर्षभरित. "चावीला कुणी हात लावायचा नाही!" बॅटरी १२.६ व्होल्ट, ठणठणीत. सेल्फ मारतानाही दिवे लख्ख. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनला. "आता मार." अर्ध्या व्होल्टच्या आत हवा तो काटा चारवर! (मीटर जुना, काट्याचा. डिजिटलवर काकांचा विश्वास नाही.)

इंजिनची अर्थिंगची पट्टी. कापूरबावडी ते गायमुख रोज खड्ड्यांत आपटून बोल्ट ढिला, वर गंज. बसला तर करंट, हलला तर टक्. पॉलिश पेपरने घासून काकांनी पाना फिरवला. खर्च शून्य. बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच.

त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. तरी काका रोज साडेसातला खांबाआड उभे असतात. सेल्फ नीट फिरला की मान खाली घालून निघून जातात.

तुमची गाडी अशी लहरी असेल तर वाघबीळला जरूर आणा. फक्त सुरू होत असताना आणू नका.