ब्रह्मचारी चालेल, हे नको

लग्न न करणाऱ्यांचं महाराष्ट्राला वावडं आहे, असं कोण म्हणतं? गावोगावी वेशीवर आम्ही मारुती बसवला. 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळालेल्या समर्थ रामदासांची गोष्ट आम्ही पोरांना कौतुकानं सांगतो. अट एवढीच, की पळणाऱ्यानं चारशे वर्षांपूर्वी पळावं आणि तो आमच्या घरातला नसावा.

आणखी एक अट आहे, जरा बारीक. माणसाला मोह व्हावा, त्यानं तो जिंकावा, जमल्यास पहाटे उठून सूर्यनमस्कार घालावेत; मग आम्ही पाया पडायला तयार. पण कुणी चहा पिता पिता सहज म्हणालं, 'मला कुणाबद्दल तसं आकर्षण वाटतच नाही', की संपलं. न लढता जिंकलेला आम्हाला पटत नाही. त्याला डॉक्टरकडे न्यायचं असतं.

त्याआधी घरगुती निदान होतं, विनामूल्य. मावशी म्हणते, "योग्य माणूस भेटला नाही अजून." काका थायरॉइड तपासायला सांगतात. आत्या आवाज खाली आणून विचारते, "लहानपणी काही घडलं होतं का गं?" आजी मात्र व्यवहारी. "अगं, आम्हाला तरी कुठे होती त्याची आवड? केलाच ना संसार!" खरं तर इथे सगळ्यांनी थांबून आजीशी बोलायला हवं होतं. कुणी थांबलं नाही. पोहे निवत होते.

सुधारलेल्या घरांची अडचण वेगळी. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७वरचा निकाल आला, चार सिनेमे पाहून झाले आणि आईबाबांनी भाषण पाठ करून ठेवलं. "बाळा, तुला मुलगे आवडतात का? आम्ही समजून घेऊ." बाळ म्हणतं, "मुलगेही नाही." एवढं समजूतदार भाषण वाया! आई हिरमुसून म्हणते, "मग कुणीतरी तरी आवडू दे रे."

काकांच्या मते हे सगळं मोबाइलमुळे. १९४८ साली अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी यांनी लैंगिक कलाची मोजपट्टी केली, तेव्हाच तिच्यात न बसणाऱ्यांसाठी 'एक्स' असा वेगळा रकाना ठेवावा लागला होता. तेव्हा मोबाइल कुठला! २००४ साली अँथनी बोगार्ट यांनी अठरा हजारांवर ब्रिटिशांची उत्तरं तपासली. शंभरात साधारण एकाचं उत्तर होतं, कुणाहीबद्दल कधीच लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही. हाच हिशेब आपल्याकडे लावला, तर पाचशे पानांच्या पंगतीत पाच पानं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या नियमावलीनुसार, स्वतःला अलैंगिक म्हणवणाऱ्यावर कामेच्छा कमी असल्याच्या विकाराचा शिक्का मारायचा नाही. काकांची आवृत्ती बहुधा जुनी असावी.

यातही तऱ्हा आहेत. काही अलैंगिक माणसं प्रेमात पडतात, त्यांना जोडीदार हवा असतो, फक्त लैंगिक ओढ नसते. अरोमँटिक माणसांना प्रेमात पडणं म्हणजे काय, तेच उमगत नाही. त्यांना विचारतात, "तू माणूस आहेस की दगड?" वडिलांच्या बायपासनंतर रात्र रात्र दवाखान्यात जागलेल्या मुलीलाही हाच प्रश्न. तिची लग्न झालेली भावंडं व्हिडिओ कॉलवरून काळजी करत होती, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

घर भाड्यानं घ्यायला गेलात तर आणखी मजा. सोसायटीत 'बॅचलरना जागा नाही', कारण ते रात्री-बेरात्री कुणाला तरी घेऊन येतात. आमच्या माहितीतल्या एका गृहस्थानं सेक्रेटरींना तोंड भरून आश्वासन दिलं, की साहेब, उभ्या जन्मात मला कुणाला आणावंसं वाटलेलं नाही, पुढेही वाटणार नाही. यापेक्षा सज्जन भाडेकरू सोसायटीला शोधून सापडला नसता. सेक्रेटरींनी त्यांना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "मग तर अजिबात नको. फॅमिलीवाली बिल्डिंग आहे. लग्न करून या, डिपॉझिटचं बघू."