कंटाळा टाळणारा वाडा

"अहो, चर्चं पुरे झाली आता," इटलीतल्या सहाव्या दिवशी बायकोनं जाहीर केलं. "जिथे कंटाळा येणार नाही असं काहीतरी दाखवा."

पडत्या फळाची आज्ञा मानून मी तिला फेराराला नेलं. तिथल्या एका वाड्याचं नावच मुळी स्किफानोया, म्हणजे 'कंटाळा टाळ'. एस्ते घराण्यातल्या अल्बेर्तोनं 1385 च्या सुमारास बांधलेला हा मौजमहाल.

वरच्या मजल्यावरचं बारा महिन्यांचं दालन म्हणजे भिंतभर कालनिर्णय. फक्त बारांपैकी सातच महिने धड उरलेत. मधल्या काळात वाड्यात तंबाखूचा कारखाना निघाला आणि चित्रांवर चुना फासला गेला.

"तंबाखू आणि चुना एकाच घरात?" बायको म्हणाली, "म्हणजे मळायचीच काय ती बाकी!"

प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे. सगळ्यात वर देवांचे रथ. मार्चमध्ये मिनर्व्हाचा रथ एकशिंगी घोडे ओढतात. एका बाजूला विद्वान पुरुष चर्चेत रंगलेत, दुसरीकडे बायका मागावर राबताहेत. "यात रूपक कसलं? आपलंच घर आहे," असा शेरा आला. एप्रिलमध्ये व्हीनसपुढे युद्धदेव मार्स साखळदंडात गुडघे टेकून बसलाय. या चित्रापुढून बायकोला हलवायला मला बराच वेळ लागला.

मधल्या पट्ट्यात राशी आणि प्रत्येकीचे तीन-तीन पहारेकरी. मेषेचा पहिला गडी काळासावळा, अंगात फाटके पांढरे कपडे, कमरेला दोर. चेहरा ओळखीचा वाटला, आणि ते खोटं नव्हतं. अबी वारबुर्ग नावाच्या जर्मन पंडितानं 1912 साली रोममध्ये सांगितलं, की याचं मूळ गाव थेट वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त सापडतं. तिथून अबू माशर या ज्योतिष्याच्या अरबी ग्रंथातून तो युरोपात उतरला. वराहमिहिरानं त्याच्या हाती परशू दिला होता. फेराराला पोचेपर्यंत तो गहाळ झाला, हाती राहिला दोर. आमचीही एक बॅग येताना अशीच गेली, त्यामुळे मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

खालच्या पट्ट्यात मात्र देव नाही की राशी नाही. तिथे वाड्याचा धनी बोर्सो द'एस्ते. दर महिन्याला हजर, दर महिन्याला हसतमुख. आपल्याकडच्या शुभेच्छुकांच्या फलकांची आठवण झाली. एप्रिलमध्ये तो स्कोकोला नावाच्या आपल्या विदूषकाच्या हातावर नाणं ठेवतोय. मी जवळ जाऊन पाहिलं. देणाऱ्याच्या चेहऱ्यावर कर्णाचा आव.

हे नाणं ज्यानं रंगवलं त्या फ्रांचेस्को देल कोस्सानं 25 मार्च 1470 रोजी बोर्सोला अर्ज केला: महाराज, मला फुटाला 10 बोलोनिनी, म्हणजे फेरारातल्या अगदी फुटकळ उमेदवाराच्या पंगतीत बसवलंत! उत्तर आलं, ठरलंय तेवढ्यात समाधान माना. कोस्सानं चंबूगबाळं उचललं आणि सरळ बोलोन्या गाठलं.

संध्याकाळी आम्हीही बोलोन्याच्याच गाडीत बसलो. एका दिवाळी अंकाचं मानधन दोन दिवाळ्यांपासून अडकलं होतं. अंगात कोस्सा संचारला. मी फोन काढून लिहायला घेतलं, "आदरणीय संपादक महोदय..."

बायकोनं खांद्यावरून वाचलं आणि शांतपणे विचारलं, "मग? बोलोन्यात भाड्यानं खोली बघायची का?"