छाती 26, कंबर 24, दात फ्री साइज

आमच्या शांती नगरात पोराला कराटेला घातलं की आधी टेप निघते. छाती 26, कंबर 24, बाही किती, पँटची उंची किती, सगळं वहीत उतरतं. ट्रॅकसूटच्या पाठीवर नावात एक ‘ए’ टाकायचा की दोन, यावर आईबाबांचं गंभीर विचारमंथन होतं. आणि मग किटच्या पिशवीच्या तळातून एक लालभडक रबरी नाल बाहेर येते. “हा माउथगार्ड,” सर सांगतात. “मापबिप काही नाही मॅडम, फ्री साइज.”

म्हणजे पुढचे दोन दात पडून खिडकी झालेल्या पहिलीतल्या चिंगीला जो बसतो, तोच मिसरूड फुटलेल्या सेक्टर 5 च्या दादालाही बसतो. बसतो असं आपलं म्हणायचं. खरं तर त्याला जबड्याने आवळून धरावं लागतं. जबडा सुटला की तो सुटला. आता कराटेत ठोसा मारताना ‘किआय’ अशी आरोळी द्यावी लागते. तोंड मिटलं तर आरोळी जाते, तोंड उघडलं तर माउथगार्ड जातो. एका स्पर्धेत एका गुणी बालकाची आरोळी अशी काही सणसणीत निघाली, की माउथगार्ड थेट व्यासपीठावर, प्रमुख पाहुण्यांच्या पुढ्यात. पाहुण्यांना वाटलं स्मृतिचिन्ह. त्यांनी ते दोन्ही हातांनी स्वीकारलं, कॅमेऱ्याकडे बघून हसले, फोटो निघाला, पालकांच्या ग्रुपवर गेला, खाली अंगठ्यांची रांग लागली. सरांनी मग तो मोठ्या अदबीने परत मागून घेतला, नळाखाली धरला, झटकला आणि पुढच्या फेरीतल्या मुलाच्या तोंडात घातला. साइज फ्रीच असल्यामुळे अडचण आली नाही.

रंगाचीही गंमत बघा. हौशी मुष्टियुद्धात लाल माउथगार्ड चालत नाही, कारण तोंडातून रक्त आलं तर ते पंचांना दिसायला हवं. आमच्याकडे लालच मिळतो. रक्त आलं तरी समारंभाला गालबोट नको.

खरा माउथगार्ड दंतवैद्य करतो. दातांचा ठसा घेतो, प्लॅस्टरचा साचा ओततो, त्यावर ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकचा तापवलेला पत्रा दाबून बसवतो, पुढच्या दातांवर तीनेक मिलिमीटर जाडी राखतो. तो न आवळता जागेवर राहतो. श्वास घेता येतो, बोलता येतं, आरोळीसुद्धा ठोकता येते. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा प्रकारही मिळतो, तो निदान फ्री साइजपेक्षा बरा. ब्रेसेस असतील किंवा दात पडत-उगवत असतील, तर माप पुन्हा घ्यावं लागतं.

इथे बाबा विचारतात, “किती?” आकडा ऐकून म्हणतात, “एवढे?”

पिवळा, नारिंगी, हिरवा, प्रत्येक पट्ट्याची परीक्षा, परीक्षेची फी, प्रमाणपत्राची वेगळी, लॅमिनेशनची त्याहून वेगळी, आणि शेवटी पोराच्या कमरेला लागेल अशी सोनेरी ट्रॉफी, त्यातल्या एकालाही “एवढे?” म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पुढचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि एकदाच येतात, पण त्यांचा माउथगार्ड मात्र महाग वाटतो! दहाव्या वर्षी दात गेला, तर जबड्याची वाढ संपेपर्यंत इम्प्लांटही बसवत नाहीत. तोवर पोरगं शाळेच्या प्रत्येक फोटोत ओठ मिटून उभं. आणि सर म्हणणार, “खेळ म्हटला की लागायचंच.” लागू दे की! गुडघ्याला लागू दे. गुडघा भरून येतो. दात येत नाही हो सर!

कायमचा दात उखडलाच, तर पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका, दुधात बुडवा आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा. संध्याकाळी शांती नगरातून अर्ध्या तासात रिक्षा नुसती स्टेशनपर्यंत जरी पोचली, तरी पट्टा रिक्षावाल्याला द्या.

त्यापेक्षा पुढच्या परीक्षेची पावती फाडण्याआधी पोराला दंतवैद्याच्या खुर्चीत बसवा आणि दातांचंही माप द्या. हिरवा पट्टा सहा महिने उशिरा मिळाला तर कुणाचं काही जात नाही.