आगबोटीच्या पोटात हुडकोकर

आगबोट चालवणे म्हणजे मुख्यतः आग चालवणे. बोट तिच्या मागोमाग येते. कोकण किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी धावत, तेव्हा वर प्रवाशांना बोट लागे आणि खाली आगवाल्यांना भट्टी. त्या बोटी गेल्या. कोळसा खाऊन प्रवासी नेणारी बोट आज पाहायची, तर न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनमध्ये वाकाटिपू सरोवरावरची ‘अर्नस्लॉ’ गाठता येते.

भिलाईच्या हुडको वसाहतीतून तिथे जाणाऱ्या मराठी प्रवाशाचा बोटीचा अनुभव मैत्री बागेच्या तळ्यापुरता असतो. आग मात्र घरची. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, तेव्हापासून इथे घरटी कोणी ना कोणी भट्टीच्या नावाने खडे फोडतच निवृत्त झालेला आहे. न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. त्यामुळे ठेठरी आणि खुरमी हे छत्तीसगडी फराळाचे पदार्थ म्हणजे काय, हे अधिकाऱ्याला समजावून सांगणे हा प्रवासाचा पहिला टप्पा ठरतो.

अर्नस्लॉ १९१२ सालची. डनेडिनला जुळवलेली, मग सुटी करून रेल्वेने किंग्स्टनला आणलेली आणि सरोवराकाठी पुन्हा जोडलेली. जहाज मालगाडीने आले, हे प्लांटमधल्या माणसाला मुळीच नवल वाटत नाही. त्याच्या मते सगळे तसेच येते.

बोटीच्या मधोमध कठड्यावरून खाली इंजिनखोली दिसते. सहलीतली मंडळी हिमशिखरांकडे धावतात, हुडकोकर कठड्याकडे. जन्मभर भट्टीपासून सुटका मागून निवृत्तीच्या पैशांतून तो इथवर येतो, आणि आधी भट्टीतच डोकावतो. आगवाला फावड्याने कोळसा टाकत असतो, तासाला साधारण एक टन. कोळसा पातळ पसरावा लागतो. ढीग घातला तर धुराड्यातून काळा धूर निघतो आणि आगवाल्याचा आळस साऱ्या गावाला दिसतो.

इंजिन सुरू करण्याआधी ते तापवतात. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते. पाणी दाबले जात नाही, सिलिंडरचे झाकण मात्र फुटते. म्हणून आधी तोट्या उघडून ते काढून टाकतात. मग वाफ तीन सिलिंडरांतून एकामागून एक जाते. रसवंतीवाला चिपाड पुन्हा पुन्हा चरकातून काढतो, तसाच हा हिशेब. फरक एवढाच, की वाफ दमत जाते तसतशी तिला ऐसपैस जागा लागते, निवृत्त माणसासारखी. म्हणून प्रत्येक पुढचा सिलिंडर आधीच्यापेक्षा मोठा. शेवटी तिचे पाणी करून ते परत बॉयलरकडे धाडतात.

इंजिन चालवणाऱ्याला खालून सरोवर दिसत नाही. वर कप्तान तबकडीवरचा दांडा फिरवतो, खाली घंटा वाजते. इंजिनवाला आपला दांडा त्याच खुणेवर नेऊन हुकूम पोचल्याचे कळवतो, मगच वाफेला हात लावतो. भिलाईतल्या कोणत्याही शिफ्टमध्ये निरोप इतक्या शिस्तीने पोचल्याची आठवण हुडकोकराला नसते. इंजिने दोन आणि पंखेही दोन. धक्क्याजवळ एक पुढे, दुसरा मागे असे फिरवले की बोट जागच्या जागी वळू लागते. फिरत्या दांड्यांना तेल घालावे लागते, आणि बेअरिंग तापले का, हे इंजिनवाला तळवा टेकवून पाहतो. आजाऱ्याच्या कपाळाला हात लावावा, तसा.

परतीच्या वाटेवर वर पियानो वाजतो, गाण्याची पुस्तके वाटली जातात. मराठी सहल असली की थोड्याच वेळात ‘म’ वरून गाणे येते.

बोट धक्क्याला लागते, घंटा शेवटची वाजते, दांडा ‘काम संपले’वर येतो. खाली मात्र राख ओढण्याचे काम बाकी असते. सहप्रवाशांच्या मोबाइलमध्ये डोंगर आणि बर्फ जमा झालेले असतात. हुडकोकराच्या मोबाइलमध्ये बहुधा फावडे असते, तेही हललेले.