डब्बीमीमांसा

यूएसबी हब या वस्तूला आमच्या पुतण्याच्या दुकानात ‘डब्बी’ म्हणतात. दुकान कळंबच्या बसस्थानकाजवळ, ‘ऑनलाईनचं’. म्हणजे सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पीएम किसानची ई-केवायसी. लॅपटॉपला भोके दोन आणि लावायची यंत्रे पाच: प्रिंटर, माऊस, वेबकॅम, हार्डडिस्क आणि अंगठ्याचे यंत्र. ही तूट भरून काढण्यासाठी डब्बीचा अवतार. निवृत्तीनंतर मी रोज तिथे बाकावर बसतो; प्रस्तुत शास्त्राचा उगम त्या बाकावरचा.

रोगाचे लक्षण असे. गिऱ्हाईक अंगठा टेकवते, आणि नेमक्या त्या क्षणी लॅपटॉप ‘टुडुंग’ असा उतरत्या सुरात आवाज काढतो. काचेखालचा लाल दिवा विझतो. पडद्यावर येते, की जोडलेले उपकरण ओळखता आले नाही. पुतण्याने हे वाचून दाखवले तेव्हा समोरचे आबा दुखावले. ‘‘आधार कार्ड दिलंय की, तरी ओळखंना व्हय?’’

या विषयावर पूर्वसूरींचे तीन संप्रदाय आहेत. फुंकरसंप्रदाय पिनेत फुंकर मारतो. उपटसंप्रदाय पीन काढून पुन्हा खोचतो, शक्यतो चिडून. तिसरे पुनरारंभवादी, ते लॅपटॉप बंद करून चालू करतात आणि तेवढ्यात चहा सांगतात. तिन्ही पंथांना अधूनमधून यश येते, हीच त्यांची खरी अडचण. कधीच यश आले नसते तर पंथ उरले नसते.

मी स्वतः काही काळ निद्रावादी होतो. वीज वाचवावी म्हणून विंडोज रिकाम्या पोर्टला झोपवते आणि उठवायला विसरते, असे हे मत. ते खोटे नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन डब्बीच्या पॉवर मॅनेजमेंटमधली एक खूण मी पुतण्याला काढायला लावली, तर दोन दिवस सुखात गेले. माऊस अडखळायचा तो रोग निराळा निघाला. यूएसबी ३ ची हार्डडिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास खरखर पसरवते आणि बिनतारी माऊस नेमका तिथेच बोलतो. त्याचा डोंगल वायरीने हातभर लांब नेला, वाद मिटला. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा टुडुंग.

सिद्धान्त मांडला तो आबांनी. ‘‘सर, डब्बीवर लोड झालाय. आमच्या शिवारातल्या डीपीवानी.’’

मी हसलो, मग घरी जाऊन गणित केले आणि हसू गेले. ६३ केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पाच एचपीच्या दहाबारा मोटारी निभतात. पुढची प्रत्येक मोटार, आकड्याची असो वा नातेवाइकाची, सगळ्यांचे व्होल्टेज खाली ओढते. यूएसबीचेही तसेच. १९९६ मध्ये पहिली आवृत्ती आली. ती करणाऱ्यांत बडोद्याचे अजय भट्ट होते. त्यांचा यात काही दोष नाही. दुसऱ्या आवृत्तीचे पोर्ट देते पाच व्होल्टला ५०० मिलीअँपिअर. बिनअडॅप्टरच्या डब्बीने त्यातले १०० स्वतःच्या पोटाला ठेवायचे आणि उरलेले चार भोकांना शंभर-शंभर वाटायचे, असा नियम. स्वस्त डब्ब्या मोजतही नाहीत. जो ओढेल त्याचे. नियमांत असेही आहे, की एका यंत्रणेत १२७ उपकरणे चालतात. एसटीच्या पाटीच्या हे नेमके उलट: तिथे लिहिलेले कमी असते आणि येरमाळ्याच्या चैत्री यात्रेला त्याहून जास्त मावतात, इथे लिहिले आहे एकशेसत्तावीस आणि चार मावत नाहीत.

आबांची खरी प्रतिभा पुढे दिसली. ‘‘सगळ्या मोटारींना ऑटो बसवलेत का?’’ त्यांनी विचारले. ज्यांनी शिवार पाहिले नाही त्यांच्यासाठी भाष्य: ऑटोस्विच असला, की लाईट येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उठतात. उठताना मोटार चालत्या मोटारीच्या पाचसहापट करंट खाते. डीपीचा फ्यूज तिथेच जातो. लॅपटॉप झोपेतून जागा झाला, की डब्बीवरची सगळी यंत्रे अशीच एकदम उठतात. हार्डडिस्कची तबकडी फिरायला लागते, आणि त्या ओढाताणीत दुबळे अंगठ्याचे यंत्र मान टाकते. तरी टुडुंग दुपारच्या जेवणानंतरच का वाजते, हे कोडे मी महिनाभर वाहत होतो. पुतण्या जेवायला जाताना लॅपटॉप मिटून जातो!

उपाय शेतकऱ्यांनी केव्हाच शोधलेला. अंगठ्याचे यंत्र थेट लॅपटॉपला लावले, म्हणजे त्याला स्वतंत्र डीपी. ते आठवडाभर उत्तम चालले. पण पुतण्याला दुसऱ्या भोकाची चार्जिंगसाठी हाव सुटली, म्हणून त्याने लातूरहून अडॅप्टरची डब्बी आणली आणि सगळी यंत्रे, अंगठ्याचेही, पुन्हा तिच्यावर चढवली. ही डब्बी लॅपटॉपची मिंधी नाही. भिंतीतून स्वतःची वीज घेते. दोन दिवस एकही टुडुंग नाही. मी प्रबंधाचा उपसंहार मनात लिहायला घेतला.

तिसऱ्या दिवशी चार वाजता लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी ऐंशी टक्के, पडदा लख्ख, मोबाईलचे इंटरनेट चालू. आणि नवी डब्बी ठार अंधारात. जुनी दरिद्री होती, पण लॅपटॉपच्या बॅटरीवर जगत तरी होती. आबांचा अंगठा विझलेल्या काचेवर तसाच टेकलेला.

‘‘सर,’’ ते म्हणाले, ‘‘ह्या डीपीला ह्या आठवड्यात लाईट दिवसाची हाय का रातची?’’