नाण्याला गिऱ्हाईक कोण?

सुट्टीच्या दिवशी सकाळी इंदूरच्या लालबाग पॅलेसच्या फाटकाशी जाऊन बघा. होळकरांनी हे फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावरून बेतून घेतलं. आता त्याच्यासमोर रीलवाल्यांची गर्दी असते. एक पोरगा वाकून फोन धरतो, पोरगी ओढणी सावरत पुन्हा चालत येते. ऊन नीट पडलं नाही, मागून कुणी गेलं, परत घ्या. पंधरा सेकंदांसाठी अर्धा तास.

मेहनत खरी आहे. पैसे मात्र मिळत नाहीत.

यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा असेल तर आधी हजार सबस्क्रायबर जमवा. वर वर्षभरात चार हजार तासांचं बघणं, नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यूज. या उंबरठ्याबाहेर ताटकळलेल्या पोरांना गाठून सांगितलं जातं, आमच्या ॲपवर या, आम्ही आमचं स्वतःचं नाणं देतो. भविष्य क्रिप्टोचंच आहे.

कोणाचं भविष्य?

जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि रिकाम्या जागेत चिंगारी हे देशी ॲप फोफावलं. ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांनी 'गारी' नावाचं नाणं जाहीर केलं. चेहरा सलमान खानचा, जो जन्माने आपल्या इंदूरचाच. व्हिडिओ बनवणाऱ्याला गारी, पुढे बघणाऱ्यालाही गारी. जुलै 2022 मध्ये बाजारात मोठी विक्री झाली आणि काही तासांत या नाण्याचा भाव ऐंशी टक्क्यांच्या आसपास कोसळला. आम्ही विकलं नाही, असं कंपनीने सांगितलं.

ते खरं धरू. मग ज्यांनी रात्री जागून व्हिडिओ टाकले, त्यांच्या मजुरीचं काय झालं?

त्याच जुलैच्या पहिल्या तारखेपासून सरकारने क्रिप्टोच्या व्यवहारावर एक टक्का टीडीएस लावला. नफ्यावर तीस टक्के कर एप्रिलपासून होताच. तोटा झाला तर? तो दुसऱ्या कुठल्या कमाईतून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षावरही टाकता येत नाही. नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात तुम्ही एकटे.

हा खेळ काही भारतात सुरू झाला नाही. अमेरिकेत 2016 साली स्टीमिट निघालं. लिहा, लोक मत देतील, मतावर स्टीम नावाचं नाणं मिळेल. ऐकायला लोकशाही. पण ज्याच्या खात्यात नाणी जास्त, त्याच्या मताला वजन जास्त. त्यामुळे नाणी साठवणाऱ्यांनी मतंच भाड्याने द्यायला काढली. चांगलं लिहिणारा खाली, मतं विकत घेणारा वर.

जानेवारी 2018 मध्ये स्टीम आठ डॉलरच्या आसपास होतं. त्याच नोव्हेंबरात कंपनीने सत्तर टक्के माणसं कामावरून काढली. फेब्रुवारी 2020 मध्ये ट्रॉन या क्रिप्टो नेटवर्कच्या जस्टिन सनने कंपनीच विकत घेतली. नेटवर्क कोणाच्या ताब्यात, यावर भांडण पेटलं आणि बड्या क्रिप्टो एक्स्चेंजांनी ग्राहकांनी ठेवलेल्या नाण्यांच्या जोरावर मतदान केलं. महिन्याभरात नाराज लोक 'हाइव्ह' नावाचं वेगळं नाणं काढून बाहेर पडले. 'मालक नसलेलं माध्यम' म्हणून जे विकलं गेलं, त्याला मालक मिळायला चार वर्षंही लागली नाहीत.

मुद्दा साधा आहे. लेखाचे किंवा व्हिडिओचे पैसे शेवटी कुणाच्या तरी खिशातून यायला हवेत. वाचकाच्या, प्रेक्षकाच्या, नाहीतर जाहिरातदाराच्या. यांपैकी कुणीच देत नसेल आणि ॲप नुसती नवी नाणी पाडून वाटत असेल, तर तुमचं नाणं घेणारा एकच उरतो. उद्या भाव वाढेल या आशेने आलेला. त्याने तुमचं रील पाहिलेलंही नसतं.

ब्रेव्ह ब्राउझरची बॅट नाणी त्यातल्या त्यात बरी, कारण तिथे जाहिरातदार पैसे मोजतो. पण त्या नाण्याचाही भाव सट्टेबाज हलवतात. आज मिळालेलं मानधन उद्या किती उरेल, हे बनवणाऱ्याला कळत नाही. घरभाडं मात्र रुपयात ठरलेलं असतं.

याच इंदुरात सानंद न्यास मराठी नाटक चालवतो. महाराष्ट्राबाहेर, हिंदीच्या भर मुलखात. सभासद वर्षाची वर्गणी भरतात, त्यांचे पाच समूह आहेत आणि एकाच नाटकाचे पाच प्रयोग होतात. रामूभैया दाते समूह, राहुल बारपुते समूह, मामा मुजुमदार समूह, वसंत आणि बहार. वर्गणी भरणारा माणूस भाव चढायची वाट बघत नाही. त्याला नाटक बघायचं असतं. म्हणून नट मुंबईहून इथवर येतो आणि पुढच्या वर्षीही येतो.

क्रिप्टोला इथे जागा अजिबात नाही, असं मी म्हणत नाही. न्यू जर्सीतल्या कुणा इंदुरी आजोबांना इथल्या पोरीच्या गाण्याला दोन डॉलर द्यायचे असतील, तर बँकेचं शुल्कच त्याहून जास्त होतं. तिथे डॉलरला बांधलेलं नाणं खरोखर उपयोगी पडेल. देशात मात्र यूपीआय असताना पाच रुपये द्यायला नवं नाणं कशाला हवं? अडलं आहे ते रसिकाला पाच रुपये द्यायची सवय लावण्यात, आणि ते काम कुठलाही ब्लॉकचेन करणार नाही.

म्हणून नाणं वाटणाऱ्या प्रत्येक ॲपला दर महिन्याला एक आकडा जाहीर करणं बंधनकारक करा. वाटलेल्यापैकी किती जाहिरातदारांकडून आणि प्रेक्षकांकडून आलं, आणि किती नुसतं पाडून दिलं. हा आकडा ॲप उघडताच पहिल्या पडद्यावर दिसायला हवा, सलमानच्या फोटोच्या वर.